गल्लीभर चिकटवलेले शब्द

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. तुमचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. आई, बाप आणि दीडशे मेंढ्या तुम्हाला आजीच्या दारात सोडून रस्त्याला लागल्या आहेत. धूळ अजून खाली बसलेली नाही, आणि शेजारच्या ओसरीवरून एक म्हातारा हातात पुस्तक घेऊन तुमच्याकडे बघून हसतो आहे. पळून जायची सोय नाही.

केली कल्पना? तो म्हातारा म्हणजे मी.

ही २००१ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सेनगावपासून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. सदतीस वर्षं शाळेत शिकवून मला निवृत्त होऊन नऊ महिने झाले होते. पण अकराची घंटा वाजली की माझे पाय आपोआप चपलेत जात. मग रुक्माबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, चुलीपुढूनच म्हणत, "बसा खाली. ती घंटा तुमची न्हाई."

त्या पोरीचं नाव शिवकन्या. तिचा बाप मल्हारी आणि आई यशोदाबाई दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन निघत. आज या शिवारात, परवा त्या शिवारात. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. शिवकन्या जन्मल्यापासून कळपाबरोबर चालत होती, त्यामुळे शाळेशी तिचा संबंध आला नव्हता. त्या वर्षी नाल्यात अडकलेलं एक कोकरू काढायला ती उतरली आणि दरड सुटली. कोकरू ठणठणीत. हिचा पाय दोन ठिकाणी मोडला. हिंगोलीला प्लास्टर घातलं आणि तिला आजीपाशी, भिकाबाईपाशी, आणून सोडलं.

निघताना यशोदाबाईने पोरीच्या पायाखाली वाकळेची घडी सारली, पुन्हा काढली, पुन्हा सारली. शिवकन्या रडली नाही. धूळ दिसत होती तोवर रस्त्याकडे बघत राहिली, आणि दिसेनाशी झाली तरी बघत राहिली.

"मल्हारी, पोरीला शाळेत घालू," मी त्याला वेशीपर्यंत गाठून म्हणालो होतो.

"तिच्या जोडीच्या पोरीत बसवीत असतील तर ऱ्हाऊ द्या, गुरुजी," तो म्हणाला. "पहिलीच्या बारक्या लेकरात बसवणार असतील तर काहून? त्यापरीस कळपात ऱ्हाईल. फाल्गुनात माघारी ह्या रस्त्यानं जाणार हाव. तवा काय ते सांगा."

मी त्याच पावली मुख्याध्यापकाकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी. "तिसरीत घेतो, गुरुजी," तो म्हणाला, "पण फाल्गुनात तिचा बाप येईल त्या दिवशी तिसरीच्या पुस्तकातले शब्द विचारणार. अर्थ सांगितले तर तिसरी, नाहीतर पहिली. नियम आहे." असा नियम कुठेही नव्हता. पण कुठल्याही गोष्टीला नियम आहे असं ठासून सांगायचं, ही सवय त्याला मीच लावली होती. बोलणार काय?

तर अशी आमची शाळा ओसरीवर सुरू झाली. हल्ली म्हणे घरी शिकवण्याला काहीतरी मोठं नाव आहे. आमच्याकडे त्याला ओसरीच म्हणत.

अक्षरं तिला थोडीफार येत होती. ती बापाने मैलाच्या दगडांवरून शिकवलेली. त्यामुळे 'क' कमळाचा नव्हता, कुरुंद्याचा होता. 'ह' हिंगोलीचा, 'स' सेनगावचा. अडचण अर्थांची होती.

"बगीचा म्हणजे काय, सांग बरं?"

"म्हाईत न्हाई."

"जिथं हिरवंगार गवत असतं, फुलं असतात, लोक फिरायला जातात."

"मेंढ्या चारू देत्यात का?"

"छे, छे!"

"मंग गवत काहून वाढवित्यात?"

मी पान उलटलं. अनुभवी शिक्षक कुठे थांबावं ते ओळखतो.

आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं, पुस्तकातली वस्तू हिला दिसत नाही तोवर शब्द हिच्याजवळ टिकत नाही. तेव्हा सुरुवात दिसणाऱ्या वस्तूंपासून करावी. मी जुन्या वह्यांच्या चिठ्ठ्या केल्या, माझ्या वळणदार अक्षरात एकेका वस्तूचं नाव लिहिलं आणि उजळणी सोपी जावी म्हणून प्रत्येकीवर क्रमांक घातला. हा क्रमांक पुढे मला केवढ्याला पडणार होता, ते तेव्हा कळलं असतं तर मी गणितच सोडून दिलं असतं.

रुक्माबाईंनी कुरकुरत कणकेची खळ शिजवून दिली. उतरंड, फडताळ, कोनाडा, चौरंग, घरभर चिठ्ठ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भिंती स्वच्छ! भिकाबाईची शेळी आत शिरली होती. एका रात्रीत तिचे अठरा शब्द झाले होते. शिवकन्येचे तोवर सात.

समोरच्या किराणा दुकानातून हरिचंदने सगळं पाहिलं होतं. हरिचंदकडे साखर नसली तरी सल्ला नेहमी असतो. "गुरुजी, खळीत मोरचूद टाका. पुस्तक बांधणारे टाकत्यात. शेळी तोंड लावायची न्हाई."

मोरचूद हे जहर असतं, हे मी विसरलो आणि त्याने सांगितलं नाही. भिकाबाईने निळी खळ पाहिली मात्र, कमरेवर हात देऊन अंगणात उभी राहिली.

"आवं मास्तर, माझ्या नातीला शिकवून राहिले का माझी शेळी मारून राहिले?"

"भिकाबाई, तसं नाही, हा शैक्षणिक..."

"शैक्षणिक न्या तुमच्या घरी! एक येळ नात अडाणी ऱ्हाईली तरी चालंल. शेळी दूध देती!"

सदतीस वर्षांत माझ्या अध्यापनाची तुलना दुधाशी कोणी केली नव्हती. मी खळ ओतून दिली आणि साध्या खळीने चिठ्ठ्या उंचावर लावल्या, शेळीचे पुढचे पाय पोचणार नाहीत अशा. पण मग त्या बसलेल्या शिवकन्येलाही दिसेनात. संक्रांतीच्या आधी प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झाला होता आणि ती तो टेकवायला भीत होती. आता चिठ्ठी वाचायची तर भिंतीला धरून उभं राहावंच लागे. चौदाव्या चिठ्ठीला ती काठी घेऊन उभी राहिली. विसाव्या चिठ्ठीपर्यंत चालत गेली. डॉक्टरला जे जमलं नाही ते शेळीने केलं, असं भिकाबाई अजून सांगते.

घरातले शब्द संपले तसे आम्ही गल्लीत उतरलो. मी चिकटवायचं, तिने काठी टेकत येऊन वाचायचं. '४१. ओटा' हरिचंदच्या दाराशी. '५३. हौद'. '६८. उकिरडा'. दुपारी एसटी येऊन गेली की मात्र तिचं चित्त लागत नसे. फाट्यावर कोण उतरलं ते बघून यायची. कोणी कुरुंद्याकडून आलं असेल तर विचारायची, "मेंढ्या दिसल्या का? काळ्या तोंडाचा एडका पुढं व्हता का?" मग ओसरीवर येऊन म्हणायची, "सांगा पुढचा शब्द." मी सांगायचो. दुसरं काय द्यायला होतं माझ्याजवळ?

आता गावाची बाजूही समजून घ्या. वर्षभरापूर्वीच जनगणनेच्या वेळी मीच दारोदार फिरून आकडे टाकले होते. मतदार याद्या मी केल्या. पोलिओचे डोस द्यायला मी. आमच्या गावात गुरुजी दाराशी आले आणि काही लिहून गेले, याचा अर्थ एकच, सरकार आलं. आणि त्या हिवाळ्यात दारिद्र्यरेषेचा नवा सर्व्हे येणार, ज्याचं नाव लागेल त्याला घरकुल मिळणार, अशी हवा होती.

एका सकाळी दार उघडलं तर ओसरीवर पंचवीस माणसं, हातात रेशनकार्डं. सगळ्यांत पुढे नानीबाई.

"गुरुजी, माझ्या दाराला काहून चिकटवली न्हाई? माझ्यापरीस गरीब कोण हाय गावात?"

"नानीबाई, तो ओटा आहे. नुसता शब्द आहे!"

"हरिचंदाला ओटा देता अन् मला शब्दबी न्हाई?"

हरिचंद दुकानातून सुपारी कातरत समाधानाने बघत होता. पण दुसऱ्या दिवशी त्याची '४१. ओटा' कोणीतरी अलगद ओली करून काढली आणि स्वतःच्या दाराला लावली. त्या घराला ओटाच नव्हता. हरिचंद बोंबलत ग्रामपंचायतीत गेला. ज्यांच्या भिंतीला 'उकिरडा' आला होता ते वेगळेच भांडायला आले. मी समजावून सांगायला तोंड उघडलं की लोक म्हणत, "व्हय, व्हय, गुपित असंल, आमाला कळतंय," आणि हळूच कार्ड पुढे करत.

शेवटी शिवकन्याच काठी टेकत पुढे झाली. "आज्ये, हे सरकारचं न्हाई. हे माझं हाय. ओटा म्हंजी घरापुढं बसायला बांधित्यात ते. तुमच्याकडं ओटा न्हाई, पर वळचण हाय. वळचण लिवू का?" नानीबाईने विचार केला आणि म्हणाली, "लिव. पर आकडा बारका घाल." त्या आठवड्यात पोरीने जेवढे अर्थ भांडून सांगितले तेवढे मी महिनाभरात शिकवले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून ग्रामसेवक आले. तरुण माणूस.

"गुरुजी, ही क्रमांकवार नोंद कोणत्या आदेशाने चालू आहे?"

"आदेश नाही. शब्द शिकवतोय."

"कुणाला?"

मी शिवकन्येकडे बोट दाखवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पंचवीस रेशनकार्डांकडे पाहिलं. "लेखी खुलासा द्या. तालुक्याला पाठवावा लागेल. तीन प्रतीत."

मी दिला. आठ दिवसांनी तो परत आला. हजारो पोरांच्या वह्यांवर लाल शाईने शेरे मारणाऱ्या माझ्या हातात माझाच कागद, आणि त्यावर लाल शाईत शेरा, 'सदर शब्दांचे अर्थ जोडलेले नाहीत. अर्थांसह फेरसादर करावे.' रुक्माबाईंनी तो वाचायला मागितला. मी दिला नाही.

एकशे बारा शब्द होते. मी लिहायला बसलो आणि शिवकन्येला म्हणालो, "तू सांग, मी लिहितो. परीक्षेची तयारीही होईल. उंबरा?"

"हितं आई जराशी थांबली व्हती."

"तो अर्थ नव्हे, बाळ. उंबरा म्हणजे चौकटीचं खालचं लाकूड."

"ते तर सगळ्यालाच दिसतंय, गुरुजी. मंग अर्थ काहून सांगायचा?"

मी पेन खाली ठेवलं. सदतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नव्हता, की विचारला होता आणि मी पान उलटलं होतं? मी दोन्ही लिहिले, आधी माझा, खाली तिचा. कंदील, 'बा दिसत न्हाई पर हाय, हे ज्याच्यानं कळतंय ते.' वळचण, 'पाऊस आल्यावर ज्याला घर न्हाई त्यानं हुबं ऱ्हायाची जागा.' वाट, 'जिच्याकडं बघून मान दुखती ती.'

तो खुलासा तालुक्याला, सेनगावला, मी स्वतः घेऊन गेलो. कारकून आधी शिक्का मारणार होता, मग वाचू लागला. माझ्या मागची रांग चुळबुळत होती, तरी वाचत राहिला. शेवटचं पान उलटून त्याने चष्मा काढला. "लेकराची आई कुठं असती, गुरुजी?"

"मेंढ्यांमागं."

त्याने शिक्का जपून मारला. प्रकरण मिटलं. चिठ्ठ्या तेवढ्या काढून टाकाव्यात, असं तोंडी सांगितलं.

माघ सरला. एका दुपारी जीपवाला देविदास मला फाट्यावर भेटला. "मल्हारी कुरुंद्याहून निघाला, गुरुजी. शनवारी हितून पास व्हईल. पोरीला सांगा."

मी सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, बाळांनो? पुस्तकातले वीस शब्द राहिले होते. आई येणार हे कळलं की ती पुस्तकाला शिवणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट एवढीच की घंटा वाजल्यावर माझ्याकडे येणारं ते एकच लेकरू होतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी 'प्रामाणिक' हा शब्द आला. मी अर्थ विचारला.

"म्हाईत असून जो गप ऱ्हात न्हाई त्यो," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. "देविदासभाऊनं समद्या गल्लीला सांगितलंय, गुरुजी. आजीनं माझं झंपर बी धुतलं."

"मग तू काहून नाही बोललीस?"

"तुमी कधी सांगता ते बघून राहिले व्हते."

उरलेले शब्द संपेपर्यंत माझी मान वर आली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. मल्हारीचा कळप शाळेपुढच्या रस्त्यावर येऊन थांबला. थांबला म्हणजे काय, दीडशे मेंढ्या रस्त्यावर पसरल्या आणि मागे एसटी भोंगा वाजवत उभी राहिली. पुढच्या शिवारातला शेतकरी संध्याकाळच्या आत मेंढ्यांची वाट बघत होता. यशोदाबाई मैदानात आली. तिने पोरीचा पाय आधी पाहिला, दाबून पाहिला, मग चेहरा. एवढ्यात शिपायाने हाक मारली.

मुख्याध्यापकाने पुस्तक उघडलं. मी दाराशी, मायबाप खिडकीशी. मला माहीत होतं, ही गप्प राहिली की पहिली, आणि पहिली म्हणजे आईबरोबर रस्ता. तिलाही ते माहीत होतं. नुसतं तोंड मिटायचं होतं.

"काटकसर म्हणजे?"

ती गप्प. खिडकीकडे तिने एकदा पाहिलं.

"आजी काडीपेटीची एक काडी मधून चिरून दोन करती ते."

मुख्याध्यापकाने पुस्तकातला अर्थ बोटाने शोधला, जुळतो का पाहिलं. "बरं. विश्रांती?"

"मेंढी बसती तवा तिला मिळती. मागच्या माणसाला मिळती का, म्हाईत न्हाई."

खिडकीबाहेर मल्हारी खाकरला. असे पंधरा झाले.

"शेवटचा. आठवण."

"म्होरं नसलेलं माणूस म्होरं येऊन बसतंय," ती म्हणाली, "अन् जेव म्हणलं तर जेवत न्हाई."

मुख्याध्यापक पुस्तकातला अर्थ शोधायचं विसरला. त्याने रजिस्टर ओढलं आणि नाव लिहिलं. इयत्ता तिसरी.

मी जिंकलो होतो. मग बाहेर येऊन यशोदाबाईकडे मला बघवेना का?

"येतंय तिला वाचाया?" तिने विचारलं.

"येतं."

ती नवऱ्याकडे वळली. मल्हारी म्हणाला, "मला सबंध कागद लिवता येत न्हाई, गुरुजी. पोस्टाच्या कार्डावर गावाचं नाव तेवढं घालीत जाईन. कुठं हाव ते कळंल तिला." एसटीने पुन्हा भोंगा दिला. यशोदाबाईने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, पदर खोचला आणि मागे न बघता चालू लागली. कळप हलला.

शिवकन्या मैदानात उभी होती. कळप शंभरएक पावलं गेला असेल, आणि तिने तोंडाने एक आवाज काढला. तो मला देवनागरीत लिहिता येत नाही. जीभ टाळूला लावून, लांब, वर चढत जाणारा.

पुढचा काळ्या तोंडाचा एडका थांबला. वळला. आणि त्याच्यामागे दीडशेच्या दीडशे मेंढ्या फाटकातून शाळेत शिरल्या.

मैदान भरलं. व्हरांडा भरला. पहिलीची पोरं बाकांवर चढून नाचू लागली. एक मेंढी कार्यालयात जाऊन टेबलाखाली बसली आणि मुख्याध्यापक खुर्चीवर उभा राहून ओरडू लागला, "गुरुजी! गुरुजी! हे कोणत्या नियमात बसतं?" पटसंख्येची काळजी करणाऱ्या शाळेला त्या एका मिनिटात जेवढे प्रवेश मिळाले तेवढे जिल्ह्यात कुणाला मिळाले नसतील. मल्हारी शिव्या देत होता, ड्रायव्हर शिव्या देत होता, आणि मेंढ्यांमधून वाट काढत यशोदाबाई पळत येत होती.

पोरीने तिच्या पोटात तोंड खुपसलं. आईने तिला दोन्ही हातांनी धरलं. प्रार्थनेला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मी समजलो. मनातल्या मनात मी तिची पाटी आवरून पिशवीत घातली, पिशवी आईच्या हातात दिली आणि घरी जाऊन रुक्माबाईंना काय सांगायचं ते जुळवू लागलो.

शिवकन्येने तोंड वर केलं, झंपराच्या बाहीने पुसलं आणि बापाच्या हातातली काठी घेतली. पुन्हा आवाज काढला, आता वेगळा, तुटक. मेंढ्या फाटकाकडे वळल्या. ती लंगडत मागे चालली, एकेकीच्या पाठीवर काठी टेकवत, मोजत. टेबलाखालची तिने स्वतः कानाला धरून आणली. एक कोकरू उलटं पळालं, त्याला हाकलायला मीही रस्त्यावर धावलो. सगळ्यांत शेवटी यशोदाबाई बाहेर पडली. पोरीने काठी बापाला दिली.

मग ती आत गेली, फाटकाचे दोन्ही पल्ले ओढले आणि आतून कडी लावली. मी बाहेरच राहिलो होतो.